एक मेला, दोन मेले

"आइकलं का बाई? आज सकायी सकायी आमच्या घरात मयत झालं."

कुरडयांचं ताट माझ्या हातात तसंच राहिलं. "अगं बाई! कोण गेलं?"

"कोनी नाई गेलं वं! आमची पोट्टी माडीवर येरझाऱ्या घालू घालू म्हनून राह्यली, येक मेला, दोन मेले. येक मेला, दोन मेले. सासूबाईनं जपमाय खाली ठेवली अन् मले इचारते, कोन गेलं? अन् दोघं एकदम कसे गेले? मी धावत वर गेली तं हे बयाबाई पुस्तक घेऊन बसेल. म्हने आई, इटलीत सफरचंदाले मेला म्हन्तेत!"

"आणि दोन असली तर मेले," मी ताट भिंतीवर टेकवत म्हटलं.

"म्हंजे तुमी बी त्याच्यात सामील हाय!"

सामील आहेच. आमच्या दोन घरांच्या मधली ही कंपाउंडची भिंत छातीएवढी. सगळ्या बुलढाण्याच्या बातम्या या भिंतीवरून जातात-येतात, आणि गेला महिनाभर तिच्यावर रोज संध्याकाळी एक इटालियनचं पुस्तक उघडं पडलेलं असतं. पलीकडून या शेजारच्या वहिनींची धाकटी, अलीकडून मी. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. इटालियन मला येत नव्हतं आणि आता येतं असंही नाही. पण व्याकरण म्हटलं की जुन्या बैलाला मोटेचा आवाज ऐकू यावा तसं होतं माझं.

पोरीला सप्टेंबरात पादोव्हाला जायचंय. 1222 सालचं विद्यापीठ. गॅलिलिओ तिथं 1592 पासून अठरा वर्षं शिकवत होता. वर्गातलं शिकणं इंग्रजीत आहे, पण घरमालकीण, भाजीवाला आणि बसचा ड्रायव्हर इंग्रजीत थोडेच असणार? म्हणून हे पुस्तक.

"पन मी म्हन्ते बाई," वहिनींनी आवाज खाली आणला, म्हणजे आता खरी बातमी. "कोपऱ्यावरची काय म्हने मालूम हाय? म्हने, येवढी शिकेल पोट्टी, लगन कवा करता? तिकडं गेली तं गोरा घेऊन येईन. मी म्हनलं, आनू दे. माह्या हातची भाकर खाईन तं सुधरन."

"गोऱ्याची सासू म्हणजे सुओचेरा व्हाल तुम्ही."

"काय व्हईन?"

"सुओचेरा. सासू. संस्कृतातली श्वश्रू, तिची मराठीत झाली सासू. आणि तिकडं लॅटिनच्या घरातून सुओचेरा. दूरच्या चुलत बहिणीच म्हणा."

वहिनींना सासूचं मूळ आवडलं नाही, पण नात्यांची गोष्ट निघाली म्हटल्यावर त्या भिंतीला नीट टेकल्या. मी सांगितलं, तिकडं मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना मिळून एकच शब्द: त्सीआ. नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा, भाची या सहाही जणांना मिळून एक: निपोते. आणि वहिनी, नणंद, मेहुणी, सगळ्या कोन्याता.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "बाप्पा! मंग माह्य भांडन नंदेसंग झालं का भावजयीसंग, हे कोनाले कसं समजावं? येवढ्या मोठ्या देशात नंदेले नाव नाई! त्याहीचे सन कसे होते असतीन?"

---

तेवढ्यात फाटकाशी फटफट करत दादांची रिक्षा थांबली. दादा म्हणजे आमच्या मागच्या घरातले. चिखली रोडवर वीस वर्षं आपे चालवतात.

"दादा, तुमच्या गाडीवर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"आपे. काहून?"

"म्हणजे काय?"

"आपे म्हंजे आपे. कंपनीनं ठेवलं नाव."

"आपे म्हणजे मधमाशी. इटालियन शब्द आहे. तुम्ही वीस वर्षं इटालियन बोलताय."

दादांनी गाडीकडं असं पाहिलं की जणू तिनं आजवर माहेर लपवून ठेवलं होतं. "मधमाशी! तरीच येवढी भनभन करते."

गोष्ट तशी रंजक आहे. दुसरं महायुद्ध संपलं, इटलीचे रस्ते फुटलेले, लोकांच्या हातात पैसा नाही. विमानं बनवणारी पियाज्जो कंपनी स्वस्तातल्या दुचाकीकडं वळली. कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानांचाच इंजिनिअर. त्यानं 1946 मध्ये एक स्कूटर तयार केली. कंबर बारीक, मागची बाजू फुगीर, आणि आवाज गुणगुणता. असं सांगतात, की मालक एन्रिको पियाज्जोनं ती पाहिली आणि तोंडातून निघालं, "सेम्ब्रा उना व्हेस्पा!" गांधीलमाशीसारखी दिसते! तेच नाव पडलं. दोन वर्षांनी, 1948 मध्ये, तिला मागं एक चाक जोडून माल वाहायची गाडी केली. नुसती मिरवणारी ती गांधीलमाशी, ओझं वाहणारी ती मधमाशी. व्हेस्पा आणि आपे. पुढं बजाजनं पुण्यात 1960 पासून दहाबारा वर्षं परवान्यावर व्हेस्पा बनवली, आणि शतक संपता संपता बारामतीच्या कारखान्यातून आपे निघाली ती आपल्या गावोगावच्या फाट्यावर येऊन उभी राहिली.

"आता ते वाक्य पाहा," मी म्हटलं. माझ्यातली मास्तरीण जागी झालीच होती. "सेम्ब्रा उना व्हेस्पा. सेम्ब्रा म्हणजे दिसते. कोण दिसते? सांगितलंच नाही. इंग्रजीत असं चालत नाही. तिथं वाक्याच्या दारात 'ती' नाहीतर 'ते' उभं करावंच लागतं. आपण काय म्हणतो? गांधीलमाशीसारखी दिसते. ती कोण, ते क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं. इटालियनचंही तसंच."

"म्हंजे आपल्यासारखंच अर्धं बोलायचं अन् समोरच्यानं पुरं समजायचं," दादा म्हणाले आणि मधमाशी घेऊन गेले.

---

संध्याकाळी पोरगी भिंतीवर आली ती रडकुंडीला येऊन. पुस्तकात एक वाक्य होतं: मी प्याचे ला मेला. खाली इंग्रजीतून दीड पान समजावलेलं. की इथं ज्याला आवडतं तो माणूस कर्ता नाही, आवडणारी वस्तू कर्ता आहे, माणूस 'टू मी' म्हणून बाजूला बसतो, विद्यार्थ्यांना हे फार उलटं वाटतं, घाबरू नका, सरावानं जमेल.

"मावशी, तीनदा वाचलं. डोक्यातच शिरत नाहीये. सगळं उलटं आहे."

वहिनी भिंतीपाशी शेवया मोडत बसल्या होत्या. "काय उलटं हाय वं?"

"अगं आई, त्यांना म्हणायचंय, मला सफरचंद आवडतं. पण ते म्हणतात, माझ्याप्रती सफरचंद प्रिय होतंय."

"मंग? आपन काय म्हन्तो? मले सफरचंद आवडते. मले! मी सफरचंद आवडतो असं कोन म्हन्ते?"

पोरगी गप्प. मीही गप्प. इंग्रजीत दीड पान लागलं, ते वहिनींनी एका 'मले'त संपवलं.

"आता असं म्हण," मी पोरीला म्हटलं, "एकाच्या जागी दोन सफरचंदं आवडतात."

"मी प्याच्चोनो ले मेले."

"पाहा! आवडतं, आवडतात. प्याचे, प्याच्चोनो. क्रियापद सफरचंदाच्या मागं गेलं, तुझ्या मागं नाही. मराठीतही ते तुला विचारत नाही, फळांना विचारतं. फक्त एक खड्डा लक्षात ठेव. त्यांचं 'मी' हे आपलं 'मी' नव्हे. 'मी' म्हणायला तिकडं 'ईओ'. त्यांचं 'मी' म्हणजे..."

"मले," पोरगी हळूच म्हणाली.

हळूच का, ते मला ठाऊक होतं. वहिनींचं घर मूळ घाटाखालचं, नांदुऱ्याकडचं. माझं माहेर घाटावर, मेहकरकडं. एकाच जिल्ह्यात घाट चढला की 'मले'चं 'मला' होतं आणि बोलणं मराठवाड्याकडं झुकतं. पोरगी पुण्यात शिकायला गेली, पहिल्याच आठवड्यात खानावळीत 'मले भाकर द्या' म्हणाली, आणि चार वर्षं खोलीतल्या मुलींनी तिला 'मले' हेच नाव ठेवलं. तेव्हापासून ती घरातसुद्धा जपून बोलते. आता इटालियनच्या पुस्तकात पहिल्यांदा तिचं 'मले' तिच्या कामी आलं होतं.

"मी प्याचे," वहिनींनी चवीनं म्हणून पाहिलं. "प्याचे म्हंजे पिऊन टाकायचं वाटते. बरं हाय."

---

मग तर वहिनींना चेव चढला. पोरगी एक शब्द सांगे, वहिनी त्याला चिकटवायला काहीतरी शोधत.

खाणे म्हणजे मांजारे. "मांजर खाते. झालं पाठ."

मीठ म्हणजे साले. "पाव्हन्यानं ताटावर बसून 'साले' म्हनलं तं त्याले वाईट वाटू देऊ नको, मीठ दे."

पाव म्हणजे पाने. "पानावर पाने वाढायचे."

"पण आपे, साले, पाने हे 'ए'नं संपणारे शब्द दगा देतात," मी म्हटलं. "ओकारान्त बहुतेक तो, आकारान्त बहुतेक ती. मेला ती, मेले त्या. आपलं आंबा-आंबे तसंच मेला-मेले, फक्त आपला आंबा तो आणि त्यांची मेला ती. पण आपे ती, आणि साले तो! वरून कळायला मार्ग नाही."

"दगड तो, वीट ती अन् घर ते, हे तरी कुठं वरून कळतं?" पोरगी म्हणाली. आता ती मला शिकवू लागली होती.

खरंच आहे. मराठी लेकराला हे लिंगाचं ओझं नवं नाही. नवा वाडा, नवी गाडी, नवे वाडे, नव्या गाड्या असं विशेषण नामाच्या तालावर नाचवत आपण मोठे होतो. इटालियनमध्ये नुओव्हो, नुओव्हा, नुओव्ही, नुओव्हे. इंग्रजीवाल्याचा घाम इथं निघतो. आपल्याला फक्त नवे कपडे घालायचे, नाच तोच.

सगळंच आपल्यासारखं आहे असंही नाही. आम्हाला भूक लागते. त्यांच्याजवळ भूक असते. ओ फामे. वयही असतं त्यांच्याजवळ, खिशात असल्यासारखं: माझ्याजवळ बावीस वर्षं आहेत. आणि नामाच्या पुढं इल, लो, ला, ई, ल्यी, ले अशी सहा पिल्लं चालतात, ती मराठीत नाहीत. ती पाठच करायची.

"अन् दोनदा जोर द्यायचा शब्द," पोरगी म्हणाली. "नोन्ना म्हणजे आजी. एक न खाल्ला तर नोना, म्हणजे नववी. पाल्ला म्हणजे चेंडू, पाला म्हणजे फावडं. क्लासच्या व्हिडिओत सांगतात की परदेशी लोकांना हा फरक ऐकूच येत नाही."

"तुले येईन ना," वहिनी म्हणाल्या. "पती अन् पत्ती यातला फरक ज्याले समजत नाई त्याच्या घरी चहा कसा होईन?"

---

वाळवणाची गोष्ट निघाली तर तिथंही इटली हजर. शेवयांचं पुडकं आता दुकानात 'व्हर्मिसेली' म्हणून मिळतं. मूळ व्हेर्मिचेल्ली म्हणजे बारीक किडे. हे ऐकून वहिनींनी मोडत असलेल्या शेवयांकडं पाहिलं आणि सूप थोडं दूर सारलं. स्पागेत्तीचं बरं आहे; स्पागो म्हणजे सुतळी, स्पागेत्ती म्हणजे बारक्या सुतळ्या. मोठ्याचं लहान करायला ते शेपूट बदलतात, आपण ईकार लावतो. दोर-दोरी, गोळा-गोळी, सुरा-सुरी.

पण वहिनी खऱ्या गारद झाल्या त्या सरगुंड्यांवर. आपल्याकडं कणकेची पट्टी काडीवर गुंडाळून, वाळवून, उकडून आमरसाशी खातात तो सरगुंडा. सिसिली बेटावर त्रापानीच्या बायका गवताच्या काडीवर पिठाची वळी तश्शीच गुंडाळतात. त्या काडीचं नाव बुझा, म्हणून पदार्थ बुझियाते.

"म्हंजे सरगुंडेच!" वहिनी ओरडल्या. "आमरस खातेत का त्याच्यासंग?"

"टोमॅटो, बदाम, लसूण वाटून खातात."

"मंग काय उपयोग," म्हणून त्यांनी सिसिलीला नापास केलं.

---

जूनच्या तोंडाशी वहिनींचे मालक गावाकडच्या वावरात रोटाव्हेटर मारायला गेले. त्या अवजारावर इंग्रजी अक्षरात नाव होतं, आणि ट्रॅक्टरवाला 'माशिओ' म्हणत होता. पोरीनं फोनवरच दुरुस्त केलं: मास्क्यो. इटालियनमध्ये नुसता सी पुढं ए किंवा इ आला की च होतो, म्हणून चाव आणि कापुच्चीनो. पण मध्ये एच आला की तो परत क होतो. मास्क्यो हे दोन भावांचं आडनाव. एजिदिओ आणि जॉर्जो मास्क्यो. त्यांनी 1964 मध्ये रोटाव्हेटर बनवायला सुरुवात केली. शब्दाचा अर्थ नर.

"अन् मावशी, गंमत सांगू? ती कंपनी काम्पोदारसेगोची आहे. म्हणजे पादोव्हाच्याच जिल्ह्यातली."

वहिनींचे मालक फोनवर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथं मातीबिती असते म्हंजे. बरं झालं." पोरीला परदेशी पाठवायच्या गोष्टीवर महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'बरं' निघालं.

पण वहिनींचं मन काही भरेना. "तिकडं आपल्यातलं आजवर कोन गेलं हाय का?" त्या रात्री विचारत्या झाल्या.

गेले होते की. आपली माणसं गेली ती बंदूक घेऊन. दुसऱ्या महायुद्धात हजारो भारतीय जवान इटलीत लढले. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, रायगडच्या माणगाव तालुक्यातले. 10 जुलै 1944 रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांचे सोबती पडले, तेव्हा एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथंच कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीच्या काठी त्यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणलं आणि मग उलटून हल्ला केला. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडग्यांचं स्मारक 2023 मध्ये मोन्तोने गावानं उभारलं. ते सावलीचं घड्याळ आहे, आणि त्याचं वचन असं की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

"सूर्य येकच हाय," वहिनी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "पन आपल्या वाट्याले जरा जास्त येते."

---

वहिनींच्या सासूबाई, म्हणजे आजी, रोज दारातल्या बाजेवर बसून ऐकत असतात. वय ऐंशीच्या पुढं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. एकदा पोरगी पायऱ्या उतरता उतरता म्हणत होती, सेई, सेत्ते, ओत्तो, नोव्हे. आजी खालून म्हणाल्या, "सहा, सात, आठ, नऊ. इतलं काय घोकतं? आपलंच तं हाय."

आजींना काय ठाऊक, हे त्यांच्याआधी सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एकाच्या लक्षात आलं होतं. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी 1583 मध्ये आपल्या किनाऱ्यावर उतरला, कोचीला आणि गोव्याला राहिला आणि 1588 मध्ये गोव्यातच वारला. मिरी-मसाल्याचा धंदा करता करता त्यानं घरी पत्रं लिहिली, की इथल्या पंडितांच्या भाषेत आणि आपल्या भाषेत सहा, सात, आठ, नऊ सारखे वाटतात. देवाला आपण दिओ म्हणतो, हे देव. सापाला आपण सेर्पे, हे सर्प. विल्यम जोन्सनं कोलकात्यात हीच गोष्ट मांडली ती 1786 मध्ये, दोनशे वर्षांनी.

पण आजींचा खरा पराक्रम पुढं आहे. पोरगी एका संध्याकाळी चिडून म्हणाली, "मावशी, आता हद्द झाली. मोठ्या माणसाशी आदरानं बोलायचं तर 'तू' चालत नाही. तू म्हणजे तूच, ते आपल्यासारखंच. पण आदराचं काय, तर 'लेई'. आणि लेई म्हणजे ती! समोर मिशीवाला प्रोफेसर असला तरी त्याला विचारायचं, ती कशी आहे?"

वहिनी हसून हसून खाली बसल्या. "मानसाले ती म्हनायचं!"

माझ्याकडं पुस्तकी उत्तर तयार होतं. पूर्वी मोठ्या माणसाला 'व्होस्त्रा सिन्योरिया' म्हणत, म्हणजे आपलं सरकारपण, आपली धनीपणाची पदवी. तो शब्द स्त्रीलिंगी. म्हणून त्याच्या जागी सर्वनाम आलं ते 'ती'. हे मी सांगत होते आणि दोघींच्या चेहऱ्यावर काही उजेड पडत नव्हता.

बाजेवरून आजी बोलल्या. "आमच्या वक्ताले मालकाचं नाव घेत नसू. दारात आले की सासू म्हने, स्वारी आली वाटते. स्वारी जेवली का? स्वारी कुठी चालली?"

मी भिंतीवर हात टेकून उभी राहिले. स्वारी आली. स्वारी जेवली. माणूस मिशीवाला, शब्द स्त्रीलिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी, आणि त्यात आदर. तीस वर्षं मी मुलांना महाराजांची स्वारी शिकवली, आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नाही की आपण छत्रपतींना 'आली' म्हणतो.

"कोमे स्ता?" पोरगी म्हणाली. "स्वारी कशी आहे?" आणि पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: लेई = स्वारी.

त्या दिवसापासून समास भरू लागला. सोनो आंदाता, बाई बोलते तर. सोनो आंदातो, बुवा बोलतो तर. शेजारी: मी गेली, मी गेलो. इंग्रजीतल्या 'आय वेंट'मध्ये बाई आहे की बुवा, पत्ता लागत नाही. पाव कुठं गेला? लो मांजातो. शेजारी: खाल्ला. सफरचंद, ती मेला, कुठं गेली? लो मांजाता. शेजारी: खाल्ली. कर्ता बाजूला, खाल्लेल्या वस्तूच्या लिंगानं क्रियापद वळलं. रोज जायची याला आंदाव्हो, काल गेली याला सोनो आंदाता. इंग्रजी पुस्तकानं त्यावर दोन धडे घातले होते. समासात दोन शब्द होते: जायची, गेली.

---

ऑगस्ट लागला. व्हिसा आला, बॅगा आल्या, कोपऱ्यावरची येऊन बॅगांचा भाव विचारून गेली.

पोरीची एक काळजी उरली होती. "मावशी, पुस्तकातलं इटालियन मला येईल. पण पादोव्हातली माणसं घरात व्हेनेतो बोली बोलतात म्हणे. मी पुन्हा हसू करून घेणार."

मी म्हटलं, "चाव हा शब्द कुठला?"

"इटालियन."

"अख्ख्या जगाला ठाऊक असलेला इटालियन शब्द. पण तो फ्लॉरेन्सच्या ग्रंथांतला नाही, त्या व्हेनेतो बोलीतलाच. स्चाव, म्हणजे आपला दास. आपल्या जुन्या पत्रांखाली दासानुदास लिहीत ना, तेच. घरगुती बोलीतला शब्द उठला आणि जगभर हिंडला. आणि तुझ्या पुस्तकात मुलगी म्हणजे फील्या. ल आणि य यांच्या मधोमध जीभ अडकते. रोमच्या गल्लीत लोक त्रास घेत नाहीत. सरळ फीया म्हणतात. घाटाखाली काळीचं कायी होतं आणि माळेचं माय होतं, तसंच. राजधानीतली माणसं नांदुऱ्यासारखी बोलतात, आणि तू पुण्याला घाबरतेस?"

पोरगी हसली. मग आईकडं वळून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आई, मले भूक लागली. मले भाकर दे."

वहिनी उठल्या, पण गेल्या नाहीत. सूप हातात, नजर सुपात. "काहो बाई," त्या म्हणाल्या, "आठवन येते, ते कसं म्हन्तेत तिकडं?"

उत्तर पोरीनंच दिलं. "मी मान्की. मास्क्योसारखंच, च नाही, क. मी म्हणजे मले. मान्की म्हणजे तू कमी पडतं. तू मले कमी पडतं."

"आता हे बराबर हाय," वहिनी म्हणाल्या. "चहात पत्ती कमी पडते तसं." आणि एकदम माझ्याकडं वळून, "पत्तीवरून आठवलं. घरात चिमूटभर नाई. वाटीभर द्या, उद्या आनून देते."

मी आत गेले. वाटी भरून परत आले तर भिंतीपाशी पोरगी नव्हती. वहिनी एकट्याच उभ्या, आणि शब्द तोंडात घोळवत होत्या, जपमाळेसारखा. मान्की. मान्की.

बाजेवरून आजींनी मान वर केली. "कोन मानकी वं? कोन्या गावची?"

वहिनींनी माझ्या हातातली वाटी घेतली. "आपल्याच घरची हाय, सासूबाई," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरात चालली."